ओलिताची जमीन आणि शक्तिपीठ महामार्ग

नांदेडहून नागपूरच्या दिशेने निघाले, की आसना नदीचा पूल ओलांडल्यानंतर थोड्याच अंतरावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे चित्र बदलते. मराठवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे कोरडे माळरान येथे दिसत नाही. दिसतात त्या केळीच्या बागा, उसाचे फड आणि हळदीचे हिरवे पट्टे. हा अर्धापूर तालुका. केळीच्या एका वाणाला ‘अर्धापुरी’ असे नावच मिळावे, इतकी या गावाची आणि या पिकाची सांगड जुनी आहे. आता बहुतेक बागांत ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ची रोपे लागत असली, तरी उत्तर भारतातील बाजारपेठांत माल जातो तो अर्धापूरच्याच नावाने. नागपूर ते गोवा या नियोजित शक्तिपीठ महामार्गाची आखणी नांदेड जिल्ह्यात हदगावबरोबर याच तालुक्यातून झाली आणि तेव्हापासून येथील शेतकऱ्यांच्या बैठका, निवेदने व मोजणीला होणारा विरोध हा बातम्यांचा नित्याचा विषय बनला आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला त्यातून ‘विकासाला विरोध’ एवढेच दिसण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात या विरोधाचे स्वरूप बरेच वेगळे आहे.

प्रथम प्रकल्पाविषयी. वर्धा जिल्ह्यातील पवनार ते सिंधुदुर्गातील गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी अशी या द्रुतगती मार्गाची मूळ आखणी असून त्याची लांबी ८०२ किलोमीटर आहे. वर्धा, यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या बारा जिल्ह्यांतून तो जाणार होता. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी व कोल्हापूरची अंबाबाई ही तीन शक्तिपीठे, औंढा नागनाथ व परळी वैजनाथ ही ज्योतिर्लिंगे, पंढरपूर, अंबाजोगाई, शिवाय नांदेडचा सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा अशी तीर्थस्थाने या मार्गाने जोडली जातील, असे सरकारचे म्हणणे आहे. नागपूर-गोवा प्रवासाला आज लागणारे सुमारे १८ तास आठ तासांवर येतील, असाही दावा आहे. काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे असून खर्चाचा सुरुवातीचा अंदाज ८६ हजार ३०० कोटी रुपयांचा आहे. खर्चाची वसुली अर्थातच पथकरातून व्हावयाची आहे.

२०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात या मार्गाची घोषणा झाली, २०२४ च्या सुरुवातीस आखणीला मान्यता मिळाली आणि भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या. विरोधाची पहिली मोठी लाट कोल्हापूर-सांगलीत उठली. ती पाहता पाहता मराठवाड्यापर्यंत पोहोचली. लोकसभा निवडणुकीनंतर प्रक्रिया थंडावली, विधानसभेच्या तोंडावर तर माघारीचीच भाषा ऐकू आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुती मोठ्या बहुमताने पुन्हा सत्तेवर आली आणि प्रकल्पही परत आला. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादन व नियोजनासाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. त्यानंतर आठवडाभरातच, १ जुलैला म्हणजे कृषिदिनी, बाराही जिल्ह्यांत रास्ता रोकोची हाक देण्यात आली. घोषणा, स्थगिती आणि पुनरागमन या हेलकाव्यांमुळे ‘निवडणुकीपुरते थांबतात’ ही भावना गावोगावी पक्की झाली आहे. एखाद्या प्रकल्पाविषयी लोकांचा विश्वास संपादन करण्याची ही रीत नव्हे, हे प्रकल्पाच्या समर्थकांनाही मान्य व्हावे.

किती जमीन जाणार, यावरही एकमत नाही. जून २०२५ च्या निर्णयाच्या वेळी सुमारे साडेसात हजार हेक्टरचा आकडा सांगितला गेला, तर आंदोलक संघटना आरंभापासून २७ हजार एकर, म्हणजे सुमारे अकरा हजार हेक्टर, असे म्हणत आल्या आहेत. सरकारचा लहान आकडा जरी धरला, तरी एका किलोमीटरमागे सव्वानऊ हेक्टरांहून अधिक, म्हणजे सुमारे २३ एकर जमीन लागते. केळीची लागवड सहा बाय पाच फुटांवर केली, तर एकरी साडेचौदाशे झाडे बसतात. पाच बाय पाचवर सतराशेहून अधिक. बागायती पट्ट्यातून जाणारा एक किलोमीटर रस्ता म्हणजे तीस-पस्तीस हजार झाडांची बाग, असा हा हिशेब होतो. मराठवाड्यातील अनेक कुटुंबांकडे मिळून दोन ते पाच एकर जमीन असते. शंभर मीटरच्या आसपास रुंदीचा पट्टा अशा शेतातून आडवा गेला, तर उरलेल्या तुकड्यात शेती करण्याजोगे काही उरत नाही.

विरोधाचे मर्म मात्र एकरांच्या संख्येत नाही. ते पाण्यात आहे. पैनगंगा नदीवरील इसापूर धरण, म्हणजेच ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प, हा या भागाचा आधार. ९६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याच्या या धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी कळमनुरी, हदगाव, अर्धापूर, भोकर या पट्ट्यात फिरले आणि एका पिढीच्या अवधीत ज्वारी-कापसाच्या रानात ऊस व केळी उभी राहिली. कालव्याच्या पाझराने विहिरी भरल्या, विहिरींवरून शेतकऱ्यांनी दूरवर जलवाहिन्या नेल्या, ठिबक संच बसवले. देगाव-येळेगाव येथे भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना चालतो तो याच पाण्याच्या बळावर. हे सारे उभे राहिले तेव्हाही कोणाच्या तरी जमिनी धरणाच्या बुडितात आणि कालव्यांच्या खोदाईत गेल्या होत्या. म्हणूनच अर्धापूरचा शेतकरी सार्वजनिक कामासाठी जमीन देण्याची कल्पनाच मानत नाही, असे म्हणता येत नाही. त्याचा सवाल इतकाच, की सरकारनेच एका पिढीपूर्वी कोट्यवधी रुपये खर्चून जी जमीन ओलिताखाली आणली, तीच आता डांबर आणि काँक्रीटखाली का घालावयाची? मराठवाड्यात जमीन पुष्कळ आहे. ओलिताची जमीन नाही. मिळालेल्या मोबदल्यातून दुसरीकडे जमीन घेता येईलही, पण कालवा विकत घेता येत नाही.

या सवालाचे उत्तर कायद्यात शोधू गेल्यास विचित्र अनुभव येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दहाव्या कलमाने अन्नसुरक्षेच्या दृष्टीने बहुपीक सिंचित जमिनीला संरक्षण दिले आहे. अशी जमीन अपवादात्मक परिस्थितीत आणि शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, घेतल्यास तितकीच पडीक जमीन लागवडीयोग्य करावी, असे ते कलम सांगते. परंतु त्याच कलमात पुढे रेल्वे, महामार्ग, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना यातून वगळण्यात आले आहे. शिवाय महाराष्ट्राने २०१८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून राज्याच्या महामार्ग अधिनियमाखालील संपादनाला सामाजिक परिणामांच्या अभ्यासाच्या अटीतून मोकळे केले. मोबदल्याच्या तरतुदी लागू राहिल्या. पण ‘या प्रकल्पाची गरज आहे काय आणि तो दुसरीकडून नेता येईल काय’ हे प्रश्न जेथे उघडपणे विचारता आले असते, ती पायरीच निघून गेली. ठरावीक मुदतीत लेखी हरकत देणे आणि सुनावणीला हजर राहणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरते. अर्धापुरात ग्रामसभांचे ठराव आणि मोजणीला अटकाव हे मार्ग चोखाळले जातात, त्याचे एक कारण येथे आहे. दार बंद असले, की माणसे खिडकीवर थापा मारतात.

आता मोबदला. ‘दर वाढवून मागण्यासाठीच हे सारे चालले आहे’ असा आरोप नेहमी होतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी नाशिक, ठाणे, औरंगाबाद जिल्ह्यांत आरंभी तीव्र विरोध होता. २०१७ पासून थेट खरेदीने बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत रक्कम मिळू लागली आणि तो बव्हंशी मावळला. शक्तिपीठाच्या बाबतीतही असेच होईल, अशी मंत्रालयाची अटकळ असावी. परंतु ‘पाचपट’ हा शब्द ऐकताना ‘कशाच्या पाचपट’ हे विचारावे लागते. कायद्यानुसार बाजारमूल्य ठरते ते शीघ्रसिद्ध गणकातील दर किंवा मागील तीन वर्षांत त्या परिसरात झालेल्या खरेदीखतांपैकी वरच्या दरांच्या निम्म्या खतांची सरासरी, यांपैकी जे अधिक असेल त्यावरून. ग्रामीण भागात मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात प्रत्यक्षापेक्षा कमी किंमत दाखविण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. त्यातही अर्धापूरच्या कालव्याखालील जमिनीचे व्यवहारच थोडे होतात, कारण ती सहसा कोणी विकत नाही. जी जमीन विकली जात नाही तिची कागदावरची किंमत वाढत नाही, आणि जिची कागदावर किंमत नाही तिच्या पाचपटीचाही फारसा उपयोग नाही. वर्षानुवर्षे मुद्रांक शुल्क वाचवले, त्याची ही भरपाई आहे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण ज्याने आयुष्यात जमिनीचा एकही व्यवहार केला नाही, त्यालाही ती चुकवावी लागते.

संयुक्त मोजणीच्या वेळी विहीर, विंधनविहीर, जलवाहिनी, झाडे यांची नोंद होते. आंब्याच्या जुन्या झाडाचे मूल्य त्याच्या वयावरून ठरू शकते. केळीचे तसे नाही. लागवडीपासून वर्षभरात घड उतरतो, मग खोडवा धरला जातो आणि काही काळाने शेत नांगरून मोकळे होते. मोजणीच्या दिवशी बाग तोडलेली असेल, तर तेथे काहीच नव्हते असे दिसते. जमिनीखालून गेलेली जलवाहिनी सांगितल्याविना दिसत नाही. आणि विहीर एका भावाच्या वाट्यात, शेत दुसऱ्याच्या, अशी स्थिती असेल तर विहीर गेल्याने ज्याचे शेत कोरडे पडते त्याचे नाव संपादनाच्या यादीत येतच नाही.

ज्यांची जमीन जाणार नाही पण जे रस्त्याला लागून राहणार आहेत, त्यांचीही चिंता आहे. द्रुतगती मार्ग हा भराव टाकून उंचावलेला व दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला असतो. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. समृद्धी महामार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. म्हणजे ज्या गावातून रस्ता जातो त्या गावचा बैलगाडीवाला, ट्रॅक्टरवाला, मोटारसायकलवाला त्या रस्त्याचा वाटसरू नसतो. पलीकडच्या शेतात जाण्यासाठी त्याने भुयारी मार्गापर्यंतचा वळसा घ्यायचा. ऊसतोडीच्या हंगामात हा वळसा दिवसातून किती वेळा पडेल, याचा अंदाज नकाशावर आखणी करणाऱ्यास सहसा येत नाही. दुसरी भीती पाण्याची. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी सावकाश मुरते आणि उताराने ओढ्या-नाल्यांतून आसनेकडे वाहते. सप्टेंबर २०२४ आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने नांदेड जिल्ह्याची जी दैना केली, ती पाहिलेल्यांना उताराला आडवा भराव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पुलांच्या जागी बंधारे बांधू, भरावासाठी माती काढून शेततळी करू, त्यातून जलसंधारणच होईल, असे सरकारतर्फे सांगितले जाते. तसे झाल्यास उत्तमच. मात्र नाल्यांवर पुरेशा मोऱ्या ठेवल्या आहेत की नाहीत, याचा तपशील गावांपुढे गावांच्या भाषेत मांडला गेल्याखेरीज हे आश्वासन आश्वासनच राहील.

आणि मग येतो तो प्रश्न, जो अर्धापुरात अगदी शाळकरी मुलगाही विचारील. रस्ता आहे की! नागपूर, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असा राष्ट्रीय महामार्ग अर्धापूरच्या वेशीवरून जातो. गेल्या दशकात तो बहुतांश चौपदरी झाला, त्यासाठी याच तालुक्यातील जमिनी गेल्या, आणि त्यावरही पथकर द्यावा लागतो. माहूर असो वा तुळजापूर, भाविक तेथे आजही एसटीने व खासगी वाहनांनी जातातच. शिवाय समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग नांदेडपर्यंत येत आहे. एकाच जिल्ह्यात इतके समांतर मार्ग कशासाठी, असे विरोधक विचारतात. नव्या मार्गाने आखणी सरळ होईल, वळणे कमी होतील, वेग वाढेल, हे सरकारचे उत्तर आहे. वेग वाढेल यात शंका नाही. तो कोणाच्या कामी येईल, हा वाद आहे.

या मार्गाचे समर्थन करणारे अर्धापुरात कोणीच नाहीत, असे चित्र रंगविणे खरे ठरणार नाही. ज्यांची जमीन कालव्याच्या शेपटाला आहे आणि ज्यांना पाण्याची पाळी क्वचितच मिळते, त्यांना एकरकमी पैसा नकोसा नाही. डोक्यावर कर्ज आहे, मुलगा शिकून पुण्याला गेला आहे, शेतीला मजूर मिळत नाहीत, अशा घरांत ‘गेली तर जाऊ द्या, पण दर चांगला द्या’ असे मत ऐकू येते. केळीच्या व्यापारात असलेल्या काहींना वाटते, की नाशवंत माल सहा-आठ तास आधी पोहोचला तर तूट कमी होईल. महामार्गाच्या चढ-उताराच्या जागी गोदामे, शीतगृहे, पिकवण केंद्रे येतील, अशी आशा तरुणांत आहे. ही आशा अवास्तव नाही. मात्र अशा जागा थोड्या असतात, आणि त्या नेमक्या कोठे येणार हे सामान्य शेतकऱ्याआधी ज्यांना कळते त्यांचाच लाभ होतो, असा अन्यत्रचा अनुभव आहे. विरोध करणाऱ्यांतही दोन गट आहेत. एकाला महामार्गच नको, मोजणीही नको. दुसरा म्हणतो, आखणी बागायतीतून काढून माळरानावरून न्या, मग बोलू. बाहेरून सरसकट ‘विरोध’ दिसतो तो असा आतून तीन-चार धाग्यांचा आहे.

याखेरीज काही माणसे अशी आहेत, की ज्यांचे मत कोणी विचारीत नाही. बटईने केळी करणारा, सालगडी, घड उतरविणाऱ्या व वाहनात भरणाऱ्या टोळ्या, हळद शिजविण्याच्या हंगामावर जगणारी कुटुंबे. सातबारावर त्यांचे नाव नाही, बटईचा व्यवहार तोंडी आहे, त्यामुळे मोबदल्याच्या यादीत ते येत नाहीत. २०१३ च्या कायद्याने उपजीविका गमावणाऱ्यांचा विचार केला आहे खरा, पण त्यांची नोंद ज्या सामाजिक अभ्यासातून व्हायची तोच येथे वगळलेला. घरातील स्त्रियांचेही असेच. जमीन असेपर्यंत बहिणीचा हिस्सा हा सणावारी माहेरपणाने फिटतो. रक्कम खात्यावर जमा होण्याची वेळ आली, की हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई सुरू होते. संपादनाच्या नोटिसांपाठोपाठ तहसील व न्यायालयात वाटपाचे दावे वाढतात, हे कोणत्याही तालुक्यातील वकील सांगू शकतील.

पथकराचा विचार वेगळ्या बाजूनेही करावयास हवा. समृद्धीवर मोटारीसाठी आरंभी किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे दर होता. १ एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला. तोच दर धरल्यास ८०२ किलोमीटरला सोळाशे रुपयांहून अधिक होतात, आणि मालमोटारींना तर त्याच्या कितीतरी पट. केळीची गाडी या मार्गाने गेली, तर हा खर्च व्यापारी स्वतःच्या खिशातून देणार नाही. तो बागेतील भावातून वजा होईल. राज्याच्या वित्त विभागाने या प्रकल्पाच्या कर्जभाराविषयी सावध केल्याची वृत्ते जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयासोबतच आली होती. पथकरातून अपेक्षित वसुली झाली नाही, तर तो भार अखेर तिजोरीवर, म्हणजे महामार्गावर कधीही न जाणाऱ्यांवरही पडतो.

अर्धापूरकरांच्या मनात सलणारी आणखी एक गोष्ट आहे. कोल्हापूरच्या विरोधानंतर तेथील संपादन बाजूला ठेवण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये नागपूर अधिवेशनाच्या वेळी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सोलापूरपासून पुढच्या आखणीत बदल करण्याचे सांगितले. याचा अर्थ आखणी ही काही दगडावरची रेघ नाही. पंचगंगा-कृष्णेच्या काठची बागायत वाचविण्यासारखी असेल, तर इसापूरच्या कालव्याखालची का नाही? पश्चिम महाराष्ट्रात विरोध झाला की आखणी हलते आणि मराठवाड्यात झाला की बंदोबस्त येतो, ही भावना रास्त आहे की नाही यावर वाद होईल, पण ती आहे. सिंचनाचा अनुशेष हा शब्द मराठवाड्याने गेली चार दशके ऐकला. जेथे तो थोडाफार भरून निघाला, नेमका तोच पट्टा रस्त्याच्या रेघेखाली यावा, हे येथील माणसाला सहजी पचणारे नाही.

दरम्यान शेतीचे वेळापत्रक सरकारी निर्णयांसाठी थांबत नाही. मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. रोपे आधी नोंदवावी लागतात, ठिबकच्या नळ्या बदलाव्या लागतात, पीककर्जासाठी बँकेत जावे लागते. आखणीत गट क्रमांक आलेल्या जमिनीवर खर्च करावा की नाही, हा प्रश्न २०२४ पासून दर हंगामात उभा राहतो. ती विकू म्हटले तर गिऱ्हाईक मिळत नाही, गहाण ठेवू म्हटले तर बँकेचा अधिकारी नकाशा मागतो. काहींनी केळी सोडून सोयाबीन पेरले, कारण ते चार महिन्यांत निघते. काहींनी नेहमीप्रमाणे बाग लावली; मोजणीच्या दिवशी शेत रिकामे दिसू नये, एवढाच त्यामागील हेतू.